प्रश्न तुमचे : उष्णतेला आकार कळतो का?

प्रश्न : सर्वत्र सारख्या तापलेल्या बहिर्वक्र (म्हणजे सपाट, पण ज्याची कड कुठेही आत वळत नाही अशा) पत्र्याच्या कडा एकदम थंड करून तशाच थंड ठेवल्या, तर तो निवताना त्याच्या आकाराविषयी काही कळू शकते काय?

उत्तर : बरेच कळते. आरंभी पत्र्याच्या मधल्या भागाला कडांची जवळजवळ खबरच नसते. उष्णता कडेलगतच्या अरुंद पट्ट्यातून निसटते आणि त्या पट्ट्याची रुंदी वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, मूळ उष्णतेवरून क्षेत्रफळ, तर सुरुवातीच्या घटीवरून परिमिती हाती लागते. चौरसाच्या कोपऱ्याशी मात्र दोन बाजूंचे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून एकूण घट नुसत्या परिमितीच्या हिशेबापेक्षा किंचित कमी भरते. हा फरकच कोनांचा पत्ता देतो.

याहून सुंदर गोष्ट, निदान माझ्या मते, पुढची आहे. बहिर्वक्र पत्र्यात तापमानाचा (थंड कडेचे तापमान शून्य धरून) लघुगणक प्रत्येक क्षणी अंतर्वक्र राहतो, म्हणजे त्याचा आलेख घुमटासारखा, कुठेही खळगा नसलेला असतो, हे गणिती भौतिकशास्त्रज्ञ ब्रासकॅम्प आणि लीब यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. परिणामी समतापरेषांनी (सारख्या तापमानाचे बिंदू जोडणाऱ्या रेषांनी) वेढलेले भाग सदैव बहिर्वक्रच असतात आणि सर्वांत उष्ण बिंदू एकच असतो. अरुंद मानेच्या डमरूसारख्या पत्र्यात मात्र दोन्ही फुगीर भागांत उष्णतेची वेगवेगळी केंद्रे उरतात.