बजेट कमी असेल तर लँडस्केपसाठी कोणता फिल्टर घ्यावा?

तुमच्याकडे कॅनॉनची बॉडी आहे, १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम या दोन लेन्स आहेत आणि पुढेमागे १०-१८ ही रुंद दृश्य टिपणारी लेन्स घ्यायचा विचार आहे. पावसाळ्यात ताम्हिणी, लोहगड, राजगड करायचंय आणि फिल्टरवर पाच हजारांपेक्षा जास्त घालायचे नाहीत. यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (चकाकी कमी करणारा पोलरायझर), एनडी (प्रकाश कमी करणारी गडद काच) आणि ग्रॅज्युएटेड एनडी (वरचा भागच गडद असलेला) यांपैकी काय घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर सरळ आहे: एक चांगला सीपीएल घ्या. पैसे उरलेच तर एक एनडी. बाकीचे दोन आत्ता नकोत.

कारण सांगतो. रंग गडद करणं, आकाश थोडं उतरवणं, कॉन्ट्रास्ट वाढवणं हे सगळं रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) घरी बसून करता येतं. पण ओल्या पानावरच्या चकाकीने पानाचा रंगच झाकला असेल, तर तो नंतर कुठून आणणार? फोटोत तो आलेलाच नसतो. पुण्याच्या आसपासचा पावसाळा म्हणजे सगळी ओली पानं आणि ओला कातळच. मुळशी मागे टाकून ताम्हिणीत शिरलात की रस्त्याकडेचा काळा बसाल्ट पाण्याने इतका चमकतो की फोटोत पांढरट पट्टे येतात. सीपीएल लावा आणि फिल्टरची पुढची रिंग सावकाश फिरवा. एका जागी ती चमक उतरते, आणि कातळावरचं शेवाळ, दगडफुलाचे ठिपके, भेगांमधली तांबूस माती एकेक करून दिसायला लागते. आभाळ भरलेलं असलं तरीही हे होतं. लोकांना वाटतं सीपीएल फक्त निळ्या आकाशासाठी असतो. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग जून ते सप्टेंबरमध्येच आहे.

आकाशासाठी वापरताना सूर्य तुमच्या डाव्या-उजव्या हाताला हवा, कारण सूर्यापासून ९० अंशांवर परिणाम सर्वांत जास्त. सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर जवळजवळ काहीच मिळत नाही, तेव्हा काढून ठेवा. १०-१८ घेतलीत तर एक लक्षात ठेवा: इतक्या रुंद लेन्समध्ये निळ्या आकाशाचा मधलाच भाग गडद होऊन पट्टा उमटतो. अशा वेळी रिंग अर्धवट फिरवा किंवा आकाश कमी घ्या.

आता एनडीबद्दल. सीपीएल स्वतःच दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). ढगाळ दिवशी, झाडीतल्या धबधब्यापाशी आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर साधारण १/१५ सेकंद मिळतंय असं धरा. सीपीएल लावल्यावर ते १/४ च्या आसपास येतं, आणि पाण्याच्या धारा रेशमी दिसायला तेवढं पुरतं. म्हणजे पावसाळ्यातल्या निम्म्या धबधब्यांना एनडी लागतच नाही. पण ट्रायपॉड लागतो! तो नसेल तर एनडीचे पैसे आधी ट्रायपॉडमध्ये घाला. ट्रायपॉड असेल तर ६ स्टॉपचा एनडी६४ घ्या, भर उन्हातही १/१२५ चं शटर अर्ध्या सेकंदावर येतं. १० स्टॉपचा एनडी१००० पहिला म्हणून घेऊ नका. त्याचं काम फार ठरावीक आहे आणि स्वस्तातला असेल तर फोटोवर रंगाची छटा चढते. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडीही टाळा, रुंद लेन्सवर जास्त फिरवला की फोटोत काळी फुली दिसते.

ग्रॅज्युएटेड एनडी समुद्रावर छान, क्षितिज सरळ असतं म्हणून. राजगडचा बालेकिल्ला फ्रेममध्ये वर आला की फिल्टरचा गडद भाग त्याच्यावरही पडतो आणि डोंगर काळा होतो. त्यापेक्षा ट्रायपॉडवर ब्रॅकेटिंग करून, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, तीन फोटो घ्या आणि घरी जोडा. यूव्ही फिल्मच्या काळात कामाचा होता. डिजिटल सेन्सरपुढेच अतिनील किरण अडवायची सोय असते. पावसाच्या थेंबांपासून आणि ठोकरीपासून हूड (लेन्सपुढे लावायची कड) जास्त वाचवतो.

मापाचं बघा. लेन्सवर शून्यावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढचा आकडा हे फिल्टरचं माप. तुमच्या दोन्ही लेन्स ५८ मिमीच्या, आणि १०-१८ आहे ६७ ची. म्हणून फिल्टर ६७ चाच घ्या आणि सोबत ५८-६७ ची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी. रिंग अगदी स्वस्त मिळते आणि फिल्टर दोनदा घ्यावा लागत नाही. तोटा इतकाच की रिंग लावल्यावर नेहमीचा हूड बसत नाही. आटे फार आवळू नका. रिंग अडकलीच तर चिमटीत दाबू नका, दाबल्याने ती वाकून आणखी घट्ट बसते. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळून अलगद फिरवा.

ऑनलाइन एकदम मागवण्यापेक्षा शहरातल्या दुकानात कॅमेरा घेऊन जा आणि तिथेच तीन गोष्टी तपासा. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा: प्रतिबिंब मंद हिरवट किंवा जांभळट दिसलं तर काचेवर कोटिंग आहे, लख्ख पांढरं दिसलं तर परत द्या. दुसरं, लेन्सकडची आट्यांची बाजू डोळ्याकडे ठेवून त्यातून साध्या एलसीडी स्क्रीनकडे बघत फिल्टर फिरवा. एका ठिकाणी स्क्रीन काळीकुट्ट झाली पाहिजे. नुसती अंधुक झाली तर पोलरायझर कमजोर आहे. मग पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरसकट, एक फिल्टरशिवाय काढा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा जुळवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता. पिवळट झाक आली तर दुसरा दाखवायला सांगा. होया किंवा के अँड एफ यांचे मधल्या किमतीचे कोटिंगवाले सीपीएल तुमच्या बजेटला पुरेसे आहेत.

घाटातून आल्यावर फिल्टर ओलाच डबीत बंद करू नका. लेन्सवरून काढा, मायक्रोफायबरने टिपा, रात्रभर उघडा वाळू द्या आणि मग सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवा. पुण्याच्या जुलैत लेन्सलाही तेच करा, नाहीतर बुरशी धरते.