हिरड्यांतून रक्त येतं म्हणजे पुढे आतड्याचा कॅन्सर होतो का? तोंडातल्या जंतूंचा कॅन्सरशी खरंच संबंध आहे का?

दादा, तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५८, शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, आणि व्हॉट्सअपवर तो मेसेज फिरतोय की तोंडातल्या जंतूंनी आतड्याचा कॅन्सर होतो तो वाचून घरातले सगळे घाबरलेत, तर मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक गोळी आणून देऊ का. मी मिरजेत एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, डॉक्टर नाही, पण हेच जंतू रोज मायक्रोस्कोपखाली बघते म्हणून लिहिते. मेसेज अगदीच खोटा नाही, पण आईंच्या बाबतीत आधी काळजी करायची ती इन्फेक्शनची, आणि कॅन्सरचंच म्हणाल तर जंतूंच्या आधी मिश्रीची.

इन्फेक्शन का म्हणते ते माझ्या मामांवरून सांगते. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत ताप यायला लागला, संध्याकाळी थंडी वाजून यायचा आणि सकाळी उतरायचा म्हणून बागेत जायचे परत. एका दवाखान्यात आधी व्हायरल म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून गोळ्या दिल्या, तीन आठवडे असेच गेले. लहानपणी सांधेताप होऊन त्यांचा हार्टचा व्हॉल्व्ह खराब झालेला, ते तिथं कुणी विचारलं नाही आणि आम्हीपण सांगितलं नाही. खालची दाढ किडलेली, हिरडी सुजलेली, त्यावर लवंग धरून काम चालू. शेवटी मिरजेला आणलं, ब्लड कल्चर लावलं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, आणि त्या बाटल्या माझ्याच टेबलावर आल्या. ब्लड अगार म्हणजे रक्त घातलेली लालभडक प्लेट असते, त्यावर लावून दुसऱ्या दिवशी उघडली तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि प्रत्येकाभोवती हिरवट वलय. व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस. व्हिरिडन्स म्हणजेच हिरवा होणारा. हा तुमच्या माझ्या सगळ्यांच्या तोंडात असतो आणि तिथं असेपर्यंत बहुतेक गप असतो, पण हिरडीच्या जखमेतून रक्तात गेला आणि पुढे खराब व्हॉल्व्ह मिळाला की तिथं घर करतो. मामांना चार आठवडे शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागलं. नशिबाने कल्चरच्या आधी चार-पाच दिवस अँटिबायोटिक गोळ्या बंद होत्या, नाहीतर प्लेटवर कदाचित काही उगवलंच नसतं आणि आम्ही अंधारात चाचपडत बसलो असतो.

तर मुद्दा हा की हिरडीतून रक्त येतं म्हणजे तिथं उघडी जखम आहे. पायाला जखम झाली की आपण हळद लावतो, पट्टी बांधतो, आणि तोंडातली जखम वर्षानुवर्षं तशीच ठेवतो. धडधाकट माणसाच्या रक्तात जंतू गेले तरी शरीर थोड्या वेळात साफ करतं. पण शुगर असली की हिरडी लवकर बिघडते आणि बिघडलेली हिरडी उलट शुगर ताब्यात येऊ देत नाही, दोन्हीकडून मार. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांत तर तोंडातली घाण श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून अशा माणसाचं तोंड रोज पुसून स्वच्छ ठेवणं हेपण औषधाइतकंच महत्त्वाचं.

आता कॅन्सर. ज्या जंतूवरून तो मेसेज निघालाय त्याचं नाव फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हिरडीतल्या पूची स्लाइड केली की गुलाबी दिसतो, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता, सूत कातायच्या चातीसारखा, नावाचा अर्थपण तोच. हवा नसेल तिथंच वाढतो म्हणून हिरडी आणि दाताच्या मधल्या खोल खाचेत त्याचं राज्य. २०१२ साली दोन वेगवेगळ्या टीमना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत हा बाजूच्या चांगल्या भागापेक्षा जास्त सापडला. पुढच्या वर्षी कळलं की त्याच्या अंगावर फॅडए नावाचं एक प्रोटीन असतं, ते आतड्याच्या पेशीला चिकटतं आणि तिला वाढायचा इशारा देतं. २०१७ ला तर असं दिसलं की कॅन्सर आतड्यातून लिव्हरमध्ये पसरला तरी हा जंतू त्याच्याबरोबर तिथपर्यंत गेलेला असतो. मग २०२४ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन सेंटरने सुमारे २०० गाठी तपासल्या, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत याचीच एक ठरावीक पोटजात निघाली, जिच्याकडे पोटातल्या ॲसिडमधून जिवंत पुढे जायची सोय आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण एकाच नावाखाली फिरणाऱ्या जंतूंतला नेमका कोण गाठीत जातो हे त्यातून कळायला लागलं.

पण म्हणून तोंडात तो असला की कॅन्सर होणारच असं नाही ओ. लाखो लोकांच्या तोंडात आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ सालीच कॅन्सरचं कारण म्हणून यादीत घातलंय, फ्युजोबॅक्टेरियमचं तसं झालेलं नाही. तो आधीच सुरू झालेल्या गाठीला हातभार लावतो असं आत्ताचं एकूण चित्र. शिवाय जागा बदलली की चित्रपण बदलतं. आपल्या टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०२२ ला सुरुवातीच्या टप्प्यातल्या जिभेच्या कॅन्सरमध्ये हा जंतू असणारे पेशंट कमी जगतात असं दाखवलं, आणि २०२४ ला लंडनच्या टीमला डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये बरोबर उलटं दिसलं, तिथं तो असणारे जास्त जगले आणि लॅबमध्ये तर त्याने कॅन्सरच्या पेशी मारल्या. एकाच जंतूचं असं दोन तऱ्हेचं वागणं आहे, त्यामुळे मेसेजमधल्या एका ओळीवर विश्वास ठेवू नका.

मिश्रीवर मात्र दोन मतं नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तंबाखू, सुपारी दोन्ही तोंडाच्या कॅन्सरची पक्की कारणं. माझी आजी पण लावायची, दात ठणकला की अजून एक चिमूट, आणि ठणका कमी वाटायचा म्हणून सुटायची नाही, मधे हिरडी आतून सडत गेली. आईंना रागावून सुटणार नाही. दाढ दुखते म्हणून लावतात का हे आधी विचारा, तसं असेल तर दाताचा इलाज झाला की सोडायला निम्मं सोपं जाईल, बाकी सरकारी दवाखान्यात समुपदेशन मिळतं.

गोळ्यांचं. मेट्रोनिडाझोलने उंदरांमध्ये फ्युजोबॅक्टेरियम असलेल्या गाठीची वाढ मंदावली हे खरंय, तेपण २०१७ च्याच कामात आहे, पण तो उंदरांवरचा प्रयोग. हिरडीखालचा टार्टर, म्हणजे साचून दगडासारखा झालेला थर, गोळीने निघत नाही, तो काढायला क्लीनिंगच लागतं. लोक म्हणतात क्लीनिंगने दात ढिले होतात, तसं नसतं, ते आधीच ढिले असतात आणि टार्टरने धरून ठेवलेले असतात. तर या आठवड्यात डेंटिस्टकडे न्या, जाताना एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट घेऊन जा, आणि सांधेताप झाला होता का, व्हॉल्व्हचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी यातलं काहीही असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा, काही जणांना दात काढायच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का हेपण त्याच वेळी बघून घ्यायला सांगा. शौचावाटे रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका, फिजिशियनला दाखवा. आणि तोवर ब्रश थांबवू नका, रक्त येतं म्हणून बरेच जण ती बाजू घासायचीच सोडतात, मग तिथंच अजून साचतं. मऊ ब्रश आणा, बरेच लोक कडकच आणतात.