स्पीकर ८० वॅटचे, मग अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा?

प्रश्न : मोटारीच्या पुढच्या दारांसाठी मी साडेसहा इंची कंपोनंट स्पीकरची, म्हणजे वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे असणाऱ्या स्पीकरची, जोडी पसंत केली आहे. खोक्यावर ‘कमाल ३०० वॅट, आरएमएस ८० वॅट, ४ ओहम’ असे छापले आहे. स्पीकर जळू नयेत म्हणून ५० वॅटचाच अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, असे एक मित्र सांगतात, तर दुसरे ३०० वॅटचा सुचवतात. गाडीतल्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहिलेले असताना अ‍ॅम्प्लिफायरची मुळात गरज आहे का?

उत्तर : स्टिरिओवरचा ५० वॅटचा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात, आणि व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसलेल्या स्टिरिओतून ४ ओहम विद्युतरोधाच्या स्पीकरला तेवढ्यावर स्वच्छ आवाजाचे २० वॅटच्या आसपासच पोहोचतात. तुमच्या स्पीकरना पुरेपूर वाजवायचे असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

तो निवडताना ३०० हा आकडा पूर्णपणे विसरावा आणि दोन्हींकडचे आरएमएस, म्हणजे सलग पेलता किंवा देता येणारे वॅट, एकमेकांशी ताडून पाहावेत. तुमच्या बाबतीत ४ ओहमला दर चॅनेलमागे ७५ ते १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर योग्य ठरेल. अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ‘सीईए-२००६’ या मानकाचा उल्लेख असेल, तर त्याचे वॅट १४.४ व्होल्टवर आणि १ टक्क्याहून अधिक विकृती न येऊ देता मोजलेले असतात, त्यामुळे दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना खरीखुरी होते.

कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला आपोआप वाचवतो, ही समजूत मला विशेष काळजीची वाटते. आवाज पुरत नाही म्हणून लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. सरासरी शक्ती वाढते, वरच्या पट्टीतला वाटाही वाढतो आणि त्याचा ताप बहुधा सर्वांत आधी उंच सूर वाजवणाऱ्या नाजूक ट्वीटरला सोसावा लागतो. गेनचा खटका स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्यासाठी असतो. तो आवाज वाढवण्याचे बटण समजून शेवटपर्यंत फिरवला, तर १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा हेच नुकसान करील. त्याच वेळी अ‍ॅम्प्लिफायरमधला हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीखालचे सूर अडवणारी सोय, ७० ते ८० हर्ट्झवर ठेवावा, म्हणजे खोल बासचे ओझे खालचे सूर वाजवणाऱ्या दारातल्या वूफरवर येणार नाही.

वॅटइतकेच लक्ष संवेदनशीलतेकडे, म्हणजे ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो याकडे, द्यावे. ९० डेसिबलचा स्पीकर ४० वॅटवर जेवढा मोठा वाजतो, तेवढ्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात, कारण ३ डेसिबल वाढवायचे म्हणजे शक्ती दुप्पट करणे होय. मात्र काही उत्पादक हे मोजमाप १ वॅटवर, तर काही २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो.

प्रश्न : नवे कंपोनंट स्पीकर आणि पुरेसा अ‍ॅम्प्लिफायर बसवूनही बास पोकळ येतो. आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : नको, आधी दार उघडून पाहावे. वूफरच्या मागच्या बाजूने निघणाऱ्या लहरी पुढच्या लहरींच्या उलट असतात, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला असलेल्या मोठ्या भोकांमधून त्या पुढे आल्या की खालचे सूर परस्परांना खोडून काढतात. ही भोके नीट बंद करावीत, बाहेरच्या पत्र्यावर कंपनरोधक थर चिकटवावा आणि वूफर घट्ट कड्यावर बसवावा. पाणी निथळण्यासाठी दाराच्या तळाशी ठेवलेली छिद्रे मात्र मोकळीच राहू द्यावीत. दोन वूफरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तरीही असाच परिणाम होतो. एका वूफरच्या दोन तारांची अदलाबदल करून ऐकावे. बास भरून आला, तर दोष तिथेच होता असे समजावे आणि जोडणी तशीच ठेवावी.