मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (ग्लो प्लगवर चालणारं छोटं इंजिन) जमिनीवर छान चालतं, पण विमान वर चढताना बंद पडतं. कार्ब्युरेटर कसा सेट करू?

लक्षणं लीन मिश्रणाची, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याची आहेत. आधी इंजिन नीट गरम होऊ द्या. मग फुल थ्रॉटलवर मुख्य नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) हळूहळू आवळत आरपीएम जास्तीत जास्त कुठे जातो ते बघा आणि तिथून दोन-तीन क्लिक मागे या. साधारण 300 आरपीएम उतरले पाहिजेत. बहुतेक जण नेमके त्या टोकावरच थांबतात! आता विमान घट्ट धरून नाक वर करा. आवाज किंचित चढला तर ठीक, इंजिन खचलं तर आणखी थोडं रिच करा, म्हणजे नीडल सैल करून इंधन वाढवा. आयडलचा (अगदी कमी थ्रॉटलवरचा) स्क्रू त्यानंतर. आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबा: लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ आरपीएम चढत राहिला तर रिच. आणि नीडल फिरवायची ती प्रोपेलरच्या मागे उभं राहूनच.