कुत्र्याची जखम चिघळली आहे, डॉक्टर मिळेपर्यंत घरी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपूर्वी दुसऱ्या कुत्र्याने तुमच्या कुत्र्याच्या मांडीला चावा घेतला. वरून दोन बारीक भोकंच दिसत होती, म्हणून विशेष काही केलं नाही. आता मांडी सुजली आहे, पिवळट पू येतोय, वास मारतोय आणि जनावरांचे डॉक्टर दोन दिवसांनीच भेटणार आहेत. मी डॉक्टर नाही, पण जखमी कुत्र्यांची मलमपट्टी बरीच वर्षं करते आहे आणि चाव्याच्या जखमा त्यात सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत.

आधी एक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत रुततो, कुत्रे एकमेकांना हिसडे देतात, तेव्हा कातडी सुळ्याबरोबर सरकते आणि फाटतो तो आतला स्नायू. बाहेर भोक बारीक, आत मोठी पोकळी, आणि त्या पोकळीत तोंडातले जंतू. भोकावर खपली धरली की पू आत कोंडतो आणि दोन ते पाच दिवसांत गळू होतं. तुमचं वर्णन नेमकं तसंच आहे. म्हणजे घरी तुम्ही जखम स्वच्छ ठेवू शकता, पू वाहता ठेवू शकता, पण आतली पोकळी घरी बरी होणार नाही. ती उघडून धुवावी लागते, कधी आत नळी ठेवावी लागते, आणि अँटिबायोटिक लागतंच. दोन दिवसांनंतरची भेट रद्द करू नका, जखम वरून सुकलेली दिसली तरी.

आता आजचं काम. दुखणारा कुत्रा घरच्या माणसालाही चावतो, त्यात त्याचा दोष नाही. एकाने डोकं धरावं, दुसऱ्याने जखम बघावी. तोंडाला मुसकं बांधायचं असेल तर तो उलट्या करत नाही ना, श्वास नीट घेतोय ना, हे आधी बघा. हातात मोजे घाला.

भोकांभोवतीचे केस काढा. त्याआधी जखमेवर पाण्यात विरघळणारी साधी ल्युब्रिकेटिंग जेली लावा, म्हणजे कापलेले केस आत न जाता जेलीला चिकटतील आणि धुताना निघून जातील. ट्रिमर असेल तर उत्तम. कात्रीने सुजलेली कातडी कधी कापली जाते ते कळतही नाही.

धुवायला मिठाचं पाणी पुरेसं आहे. अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ विरघळवा आणि कोमट होऊ द्या. खपली ओढून काढू नका. याच पाण्यात भिजवलेली गॉझ तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, ती मऊ पडून आपोआप सुटते. मग सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने, भोकापासून थोडं लांब धरून, तिरप्या धारेने धुवा. सिरिंजचं टोक भोकात खुपसू नका, त्याने घाण आणखी आत ढकलली जाते. पहिल्या दोन-तीन सिरिंजांना पिवळं, गढूळ पाणी आणि पांढरट कण येतील. मग पाणी गुलाबीसर होईल, मग स्वच्छ. तोपर्यंत धुवत राहा, हात आखडता घेऊ नका. कुठलंही औषध लावण्यापेक्षा भरपूर पाण्याने धुण्याने जास्त फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. एका भोकात सोडलेलं पाणी दुसऱ्यातून बाहेर आलं, तर दोन्ही आतून जोडलेली आहेत. आत गेलेलं पाणी परत आलंच नाही, तर तिथे थांबा. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगण्यासारख्या आहेत.

हे सकाळ-संध्याकाळ करा. हवं तर शेवटी पोव्हिडोन आयोडिन (जखमेवर लावायचं तपकिरी जंतुनाशक) वापरा, पण बाटलीतलं थेट नाही. फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. धुण्याच्या मधल्या वेळात कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड सुजेवर दहा-दहा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. शेकल्याने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि पू बाहेर यायला मदत होते. तो मात्र दाबून काढू नका, आणि गळू स्वतः फोडायला जाऊ नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, फिनेल, रॉकेल यातलं काहीही जखमेवर ओतू नका. पेरॉक्साइडचा फेस बघून जखम साफ होतेय असं वाटतं, पण भरून येणाऱ्या नव्या पेशीही त्यात मरतात. माणसांची मलमं नकोत: स्टेरॉइड असलेल्या मलमाने जखम भरायला उशीर होतो, झिंक ऑक्साइडचं मलम चाटलं तर विषबाधा होऊ शकते. आणि अगदी कळवळून सांगते, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. तो विव्हळतो म्हणून घरातलं कुणीतरी मायेपोटी अर्धी गोळी देतं आणि त्याचं यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होतं. कपाटात उरलेलं अँटिबायोटिकही नको. औषध कोणतं आणि किती, हे जंतूवर आणि कुत्र्याच्या वजनावर ठरतं, आणि अर्धवट कोर्सने पुढचं औषध लागू पडणं अवघड होतं.

पट्टी बांधू नका, पू वाहायची वाट मोकळी राहू द्या. पण चाटूही देऊ नका. चाटून जखम बरी होते हे बरेच जण सांगतात. त्या खरखरीत जिभेने नवं मांस खरवडलं जातं आणि तोंडातले जंतू पुन्हा आत जातात. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घाला, नाकाच्या टोकापेक्षा पुढे येईल इतका मोठा. पहिले काही तास तो रुसेल, भिंतींना धडकेल. तरी काढू नका. जेवताना तुम्ही समोर बसणार असाल तेवढ्यापुरता काढा.

माश्या बसू देऊ नका, त्याला घरात ठेवा. अंडी एका दिवसात फुटू शकतात. जखमेत काही वळवळताना दिसलं तर तो घरचा विषय राहिला नाही.

ताप गुदद्वारातून डिजिटल थर्मामीटरने मोजा, टोकाला व्हॅसलीन लावून, तो शांत असताना. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. 103 च्या वर गेलं, त्याने खाणं सोडलं, सुस्त पडला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, सूज खाली पावलाकडे उतरायला लागली, तो पाय टेकेना, किंवा कातडी काळी, थंडगार पडली, तर दोन दिवस थांबू नका. दुसरे डॉक्टर शोधा, रात्री उघडं असलेलं हॉस्पिटल शोधा, लांब असलं तरी जा. यातलं काहीच झालं नाही आणि तो खातोय, शेपूट हलवतोय, तर दोन दिवस निघतील.

एक गोष्ट मात्र दोन दिवस थांबणारी नाही. चावणारा कुत्रा कुणाचा, त्याला रेबीजची लस दिली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर तुमच्या कुत्र्याची लस चालू असली तरी त्याला लगेच बूस्टर, म्हणजे त्याच लशीचा आणखी एक डोस, लागतो. चार दिवस आधीच गेले आहेत. आजच एखाद्या डॉक्टरांना फोन करून हे विचारा. जखमेला मोजे न घालता हात लावला असेल, तर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. त्या भांडणात तुम्हाला किंवा घरात कुणाला ओरखडा, दात लागला असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा, कितीही किरकोळ वाटलं तरी.

डॉक्टरांकडे जाताना रोज एकाच अंतरावरून काढलेले जखमेचे फोटो, तापाचे आकडे, काय काय लावलं त्याची यादी, कुत्र्याचं वजन आणि लसीचं कार्ड सोबत न्या.