बॅटरी बदलली, पण दोन तारा उरल्या

प्रश्न : डिसेंबरच्या थंडीत सकाळी गाडी सेल्फ घेईना, म्हणून नवी बॅटरी आणून मी ती घरीच बसवली. गाडी आता व्यवस्थित सुरू होते. मात्र बाहेरून बसवून घेतलेले फॉग लॅम्प आणि जादा हॉर्न बंद पडले आहेत. टोकाला गोल कडी असलेल्या एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा बॅटरीजवळ सुट्या आहेत. त्या कोठे जोडाव्यात?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून या दोन तारा त्याच फॉग लॅम्प आणि हॉर्नच्या रिलेच्या (छोट्या विद्युत स्विचच्या) असाव्यात, तथापि केवळ रंगावर विसंबून त्या जोडू नयेत, कारण बाहेर वायरिंग करताना हाताशी असेल त्या रंगाची तार वापरली जाणे अगदी नेहमीचे आहे. लाल तारेवर कडीपासून वीतभर अंतरावर फ्यूजची डबी आहे का, ते प्रथम पाहावे. त्यानंतर दोन्ही तारा सुट्या असतानाच मल्टिमीटर (व्होल्ट, रोध मोजणारे उपकरण) ओहमवर, म्हणजे रोध मोजण्याच्या खुणेवर ठेवून प्रत्येक कडी आणि गाडीच्या बॉडीचा उघडा धातू यांमधील रोध मोजावा. जी तार जवळजवळ शून्य दाखवील ती अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह बाजूची समजावी आणि ती कोणत्याही परिस्थितीत पॉझिटिव्हला लावू नये, कारण तसे केल्यास थेट शॉर्ट सर्किट होऊन तार पेट घेऊ शकते.

जोडताना गाडी बंद करून निगेटिव्हचा क्लॅम्प (बॅटरीच्या खांबावरील तारेची पकड) आधी काढावा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेल्यास पाना बॉडीला टेकताच मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने हा धोका लहान मानू नये. फ्यूज काढून ठेवून दुसऱ्या, म्हणजे अर्थिंगची नसलेल्या (बहुधा लाल) तारेची कडी पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टवर, नटखाली बसवावी. क्लॅम्प आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये ती कधीही अडकवू नये, कारण त्यामुळे क्लॅम्प खांबाला पूर्ण टेकत नाही, सांधा तापतो आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा सेल्फ घेईनाशी होते. आमच्या मते घरी बदललेल्या बॅटरीच्या तक्रारींत ही चूक सर्वांत आधी तपासावी. अर्थिंगची (बहुधा काळी) तार रंग खरवडलेल्या बॉडीच्या बोल्टला लावावी. निगेटिव्ह क्लॅम्पवर बॅटरीचा प्रवाह मोजणारा लहान सेन्सर असेल, तर जादा उपकरणांचे अर्थिंग त्या खांबावर मुळीच घेऊ नये. तसे केल्यास सेन्सरला त्या उपकरणांचा प्रवाह कळत नाही.

सर्वांत शेवटी निगेटिव्ह क्लॅम्प जोडून मग फ्यूज बसवावा. तो उडाल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. बॅटरी खाली धरून ठेवणारी पट्टीही आवळली आहे ना, हे पाहावे.

गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. इंजिन चालू असूनही आकडा १३ च्या खाली राहिला, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) किंवा सैल सांध्यात असण्याची शक्यता अधिक आहे, आणि मग गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.