बोटीचा फिन वाकलाय, हातोडी लगेच मारू नका

प्रश्न (शहादा तालुक्यातून) : नमस्कार भाऊ, आम्ही तिघा मित्रांनी मिळून जुनी इनबोर्ड (इंजिन आत असलेली) बोट घेतलीये, स्कीइंगची, सरळ शाफ्टवाली. तापीवर प्रकाशा गावाच्या बाजूला चालवतो. बॅरेजचं पाणी बरंच उतरलं होतं, काठाजवळ वळताना खालून खडक लागला. ट्रॉलीवर चढवून बघितलं तर तळाच्या मधोमध जे तीन फिन (बोट सरळ धरणारी धातूची पाती) आहेत त्यातला पुढचा चांगलाच डावीकडे वाकलाय, मधला जरासा, मागचा ठीक दिसतो. आता बोट एका बाजूला ओढते. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो बोट घेऊन या, दोन घाव घातले की सरळ. मारू द्यावेत का, की नवीनच घ्यावे?

उत्तर : दादा, बोटीवर बसवलेल्या फिनला घाव अजिबात घालू देऊ नका. फिन बोल्टने फायबरच्या तळाला धरलेला असतो, तुम्ही फिनवर मारता तो प्रत्येक घाव बोल्टच्या भोकापर्यंत जातो, तिथलं फायबर केसाएवढं तडकतं आणि मग पाणी आत झिरपायला लागतं. जुन्या बोटींत आत लाकडी चौकट असते, ती एकदा ओली झाली की कुजत जाते आणि ते काम फिनपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून फिन आधी काढायचा, मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं.

काढायच्या आधी तो नेमका कसा वाकलाय ते बघून घ्या. नुसता आडवा कललाय, की पिळलाही गेलाय? नाकापासून मागच्या स्ट्रटपर्यंत (शाफ्टला खालून धरणाऱ्या आधारापर्यंत) तळाच्या बरोबर मधून सुताराची दोरी ताणा आणि प्रत्येक फिनची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती लांब आहे ते मोजा. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर फिन पिळलाय, आणि असा फिन पाण्यात सतत छोट्या रडरसारखं काम करतो, तुमची बोट ओढते त्याचं मोठं कारण हेच असू शकतं. कललाय का ते बघायला बोट ट्रॉलीवर आडवी लेव्हल करा आणि ओळंबा सोडा. मागचा फिन चांगला आहे म्हणता, तो नमुना धरा. आणि बोटीखाली शिरायच्या आधी ट्रॉलीला नीट टेकू द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नका.

आता सरळ करायचा की बदलायचा हे धातूवर आहे. ॲल्युमिनियमचा ओतीव फिन असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जो चांगलाच वाकलाय तो बदला. ओतीव ॲल्युमिनियम थंडच सरळ करायला गेलं की वाकल्या जागी तडकतं, तापवलं तर नरम पडतं, आणि दिसायला सरळ झालेला तो फिन पुढे जोरात वळताना तुटतो. ब्रॉन्झचा असेल आणि थोडाच वाकला असेल तर व्हाइसमध्ये दोन लाकडी फळ्यांच्या मधे धरून सावकाश दाबून सरळ करता येतो. पण नंतर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून तडा बघून घ्या. लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरा मारला की तडा लाल रेघेसारखा वर येतो. दीपनगरच्या थर्मलमध्ये वेल्डिंगची कामं केलेल्या माणसाला विचारा, तो लगेच करून देईल.

नवीन मागवायचा तर बोटीच्या मागे उजवीकडे वरच्या बाजूला हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) असतो, अमेरिकन बोटीला १२ अक्षरांचा, तो कळवून त्याच मॉडेलचा मागवा. मिळालाच नाही तर मागच्या चांगल्या फिनवरून जळगाव एमआयडीसीत मशीनिंग करून घेता येईल. फक्त एक करा, मजबूत पाहिजे म्हणून जाड स्टेनलेसचा करू नका. खडक लागला तर फिनने वाकावं, तुटावं, पण तळ फाडू नये. ॲल्युमिनियमचा फिन नडल्यावर आधी स्वतः जातो, स्टेनलेसचा मुळापासून फायबर घेऊन उखडतो आणि मग बोटीत पाणी, आणि वर माणसं बसलेली असतात, त्यांचा विचार आधी करा.

अजून एक काम आहे जे लोक सोडून देतात. त्याच खडकाने पुढे प्रॉपेलर, शाफ्ट, स्ट्रट आणि रडरलाही धक्का दिला असेल. शाफ्ट हाताने फिरवून बघा, कुठे जड जातो का, प्रॉपेलरच्या पात्यांच्या कडा बघा. बोट पाण्यात सोडल्यावर इंजिनकडचं कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट जोडणारा सांधा) सोडून दोन्ही तोंडांमधे चारी बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, फरक ०.००३ इंचाच्या आत हवा. हे पाण्यातच करायचं, कारण ट्रॉलीवर बोटीचा तळ थोडा वेगळा बसतो. आणि एकाच प्रॉपेलरची इनबोर्ड मुळातच एका बाजूला थोडी ओढते, तेवढं फिन नवे टाकूनही राहील, त्याची भीती बाळगू नका. जास्त असेल तर रडरच्या मागच्या कडेला तासून ते जमवतात, पण ते जाणकाराकडूनच.

प्रश्न (धुळ्याहून) : फिन काढूनच टाकले आणि भोकं बुजवली तर चालणार नाही का? उथळ पाण्यात तेवढंच बरं.

उत्तर : सावकाश फिरायला चालेल. पण ही बोट सरळ धरून ठेवतात ते फिनच. स्लॅलम स्कीइंगला (बोयांमधून वळणं घेत जायचं स्कीइंग) पुरुषांसाठी बोट ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पळते आणि मागचा माणूस दोरीने एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला झटके देतो, फिन नसतील तर बोटीचा मागचा भाग सरकतो, आणि जोरात वळताना तर अख्खी बोट आडवी घसरते, ओल्या फरशीवर पाय घसरावा तशी. आणि उथळपणाचं म्हणाल तर फिन काढून काय मिळणार? प्रॉपेलर आणि रडर तर खालीच राहतात, अशा बोटीला साधारण दोन फूट पाणी नुसतं उभं राहायलाच लागतं. त्यापेक्षा उन्हाळ्यात बॅरेजचे दरवाजे आणि पाण्याची पातळी विचारूनच बोट सोडा, आणि काठाचे खडक माहीत असलेल्या भोई बांधवांना एकदा सोबत घेऊन फिरा, त्यांच्याएवढं नदीचं तळ कोणाला माहीत नसतं.

प्रश्न (चोपड्याहून) : फिन परत बसवताना बाथरूमचं सिलिकॉन चालतं का?

उत्तर : नको. पाण्याखाली त्याची पकड भरवशाची नाही, आणि नंतर त्याचा तेलकट थर राहतो त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. मरीन पॉलियुरेथेन सीलंट आणा. थ्री-एमचं ५२०० कायमचं पकडतं, पुन्हा काढायचं झालं तर जीव खातं, म्हणून फिनला मी ४२०० सांगेन. जुना सीलंट पूर्ण खरवडा, भोक कोरडं करा, सीलंट भरून बोल्ट आधी बेताने आवळा, सगळा पिळून निघेल एवढे नको. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, मगच पाण्यात सोडा, आणि पहिल्या फेरीनंतर आतल्या नटांभोवती हाताचं बोट फिरवून ओल लागते का बघा.